मास्तरांचे ओझे आणि त्याचे माप



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला जो विषय दिला तो 'शिक्षकांच्या मनावरील ताण व कामाचे नियोजन' असा आहे. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयात, आणि तेही ज्या आठवड्यात रात्रपाळी नसे त्या आठवड्यात. तेव्हा जेथे एखाद्या प्राचार्यांनी किंवा मानसशास्त्र जाणणाऱ्याने उभे राहायचे, तेथे यंत्रमाग कामगारांत तीस वर्षे घालवलेला माणूस कशाला, असे आम्ही चालकांना विचारले. ते म्हणाले, "मनाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही ओझ्याबद्दल बोला." ही वाटणी आम्हांला पसंत पडली म्हणून आम्ही येथे उभे आहोत.

आधी एक कबुली देऊन टाकतो. शिक्षकांविषयी आमचे मत बरीच वर्षे या सभेतल्या अनेकांसारखेच होते. मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, वेतन आयोग, आणि वर खुर्ची. मागाच्या खडखडाटात बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसांत वावरल्यावर खुर्चीवर बसणाऱ्याचे दुःख पटकन मनाला भिडत नाही. आमची धाकटी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा द्विशिक्षकी, इयत्ता चार आणि शिक्षक दोन. दोन-तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला ती आली, ओवाळणे झाले, आणि ताट बाजूला ठेवून तिने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. आम्ही थट्टेने म्हटले, "अगं, सुट्टीतसुद्धा सरकारचा पगार हलाल करतेस की काय?"

ती हसली नाही. म्हणाली, "दादा, तुला एक सांगते. दुसरीतला एक पोरगा आहे. त्याला लिहायला फार उशिरा आलं. एक दिवस पहिल्यांदा सबंध पान लिहून तो दाखवायला आला. मी मोबाईलवर आजच्या आज द्यायची माहिती भरत होते. म्हटलं, नंतर ये. तो थोड्या वेळानं आला. पुन्हा म्हटलं, नंतर ये. असा चारदा आला. पाचव्यांदा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता तो वही दाखवायला आणतच नाही. मारलं असतं तर निदान मला तरी कळलं असतं, मी काय केलं ते."

रात्री आम्हांला झोप आली नाही.

आता मागाचे थोडे सांगावे लागेल. विणकराकडे चार माग असले म्हणजे तो चारही मागांवर विणत असतो असे बाहेरच्या माणसाला वाटते. वस्तुतः तो धावत असतो. एका मागावर धागा तुटला की तो माग थांबतो. तो गाठ मारेपर्यंत दुसऱ्याच्या धोट्यातली कांडी संपते. मालकाने दोन माग वाढवून दिले तर कापड दीडपट निघत नाही. थांबलेले माग वाढतात आणि कापडात दोष वाढतात. पण आम्ही आजवर असा एकही कामगार पाहिला नाही की जो म्हणाला, "माझे मन कमकुवत झाले आहे, मला ताणाचे नियोजन शिकवा." तो म्हणतो, "माग वाढवले." १९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. दोन मागांच्या माणसाला तीन माग, एक बाजू सांभाळणाऱ्या कातणाऱ्याला दोन बाजू. त्या अशिक्षित माणसांना आपले ओझे मोजता येत होते. आमच्या बहिणीला, जी दुसरीच्या मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवते, स्वतःच्या ओझ्याची बेरीज कधी करावीशी वाटली नव्हती. तिला वाटत होते की आपणच कमी पडतो.

म्हणून आम्ही कायदा काढून वाचला. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याला एक परिशिष्ट जोडले आहे. त्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असे माप आहे. म्हणजे मोजली आहेत ती डोकी. इयत्ता मोजलेल्या नाहीत. एका खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र बसवायची याला खात्यात जोडवर्ग म्हणतात. आमच्याकडे त्याला दोन माग म्हणतात. पुढे, पहिली ते पाचवीसाठी वर्षास २०० दिवस आणि अध्यापनाचे ८०० तास ठरवले आहेत; म्हणजे दिवसाला चार तास. आणि शिक्षकाने आठवड्यास ४५ तास काम करावे, त्यात पाठाची तयारीही धरावी, असे म्हटले आहे.

हे ४५ तास वाचून आम्हांला प्रथम बरे वाटले. मग एक शब्द डोळ्यांत भरला. त्या ४५ च्या मागे 'किमान' असे लिहिले आहे. मंडळी, १९४८ च्या कारखाना कायद्यात प्रौढ कामगारासाठी आठवड्याचे ४८ तास घातले गेले, ते कमाल म्हणून. याहून जास्त काम घ्याल तर जादा पैसे मोजा. कामगारासाठी आकडा हे छप्पर होते आणि शिक्षकासाठी तोच जोते झाला. जोत्यावर किती मजले चढवायचे हे कायद्याने सांगितलेले नाही.

आता त्या किमान तासांचाच हिशेब करा. सहा दिवसांचा आठवडा धरला तर रोजचे साडेसात तास. चार तास शिकवणे. उरले साडेतीन. वर्गात कायद्याप्रमाणे तीस मुले आहेत असे धरू. भाषा आणि गणित अशा दोनच वह्या, आणि एका वहीला दोनच मिनिटे. तीस गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे दोन तास. उरला दीड तास. त्यात दोन इयत्तांचे टाचण काढायचे, उद्याचे साहित्य जमवायचे, कोणाची आई भेटायला आली तर तिच्याशी बोलायचे. दिवस भरला. अजून पोषण आहाराचा तांदूळ मोजलेला नाही, शिष्यवृत्तीचे अर्ज भरलेले नाहीत, मतदार याद्या उघडलेल्या नाहीत, आणि 'तातडीचे' असा मथळा असलेला एकही निरोप आलेला नाही. हे सगळे जे वरून येते त्याला जायला दोनच जागा आहेत. एक शिकवण्याच्या चार तासांत, नाही तर घरी. तिसरी जागा नाही. त्या पोराचे 'नंतर ये' हे पहिल्या जागेतले, आणि भाऊबीजेचा गठ्ठा दुसऱ्या जागेतला.

हायस्कुलात निराळा प्रकार आहे. तेथे इयत्ता जोडलेल्या नसतात, पण तुकड्या मोठ्या असतात. गणिताच्या शिक्षकाकडे साठ-साठच्या तीन तुकड्या असल्या आणि एका वहीला तीन मिनिटे दिली, तर एका फेरीला नऊ तास लागतात. एवढे सांगून ती बाजू सोडतो.

आम्ही बहिणीला एक वही दिली. रेघा मारून चार रकाने केले. शिकवणे, शिकवण्याची तयारी, इतर काम, आणि चौथा रकाना 'कोणी सांगितले'. बारा शाळेचे दिवस लिही म्हटले. ती म्हणाली, "हे आणखी एक काम!" तिचे बरोबर होते, पण तिने लिहिले. बारा दिवसांत शिकवणे चालू असताना सत्तेचाळीस वेळा मध्येच थांबावे लागले होते. त्यांतील एकोणीस वेळा मागितलेली माहिती पूर्वी दुसऱ्या नमुन्यात एकदा दिलेलीच होती. पण आम्ही खरे चकित झालो ते चौथ्या रकान्याने. काम सांगणारे नऊ जण होते. केंद्रप्रमुख, पंचायत समितीतले दोन निरनिराळे टेबल, निवडणुकीचे काम पाहणारे, आहाराचे पाहणारे, आरोग्य खात्याचे, आणखी कोणी. त्यांतला एकही माणूस दुष्ट नव्हता. प्रत्येकाने दहा-पंधरा मिनिटांचे काम सांगितले होते, आणि उरलेले आठ जण काय सांगत आहेत याचा कोणालाच पत्ता नव्हता. मागावर काम करणाऱ्याला एक जॉबर असतो. आमच्या बहिणीला नऊ होते.

येथे मनाच्या शास्त्राचा थोडा आधार घेतो, कारण तो आमच्या बाजूने आहे. रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ साली असे मांडले की नुसत्या जास्त कामाने माणूस तितका खचत नाही. काम जास्त, आणि ते केव्हा व कसे करायचे यावर स्वतःची हुकमत कमी, असे दोन्ही एकत्र आले म्हणजे खचतो. हे वाचले तेव्हा आम्हांला एखादा जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटले. शेतकरी सुगीत अठरा तास राबतो. थकतो, पण रात्री झोपतो. शिक्षिकेच्या दिवसाची मालकी तिच्याकडे नाही, म्हणून तिची झोप जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या प्रकारच्या खचून जाण्याची नोंद केली तीही रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. तेव्हा कोणी शिक्षकांना नुसता प्राणायाम शिकवून परत पाठवीत असेल तर प्राणायाम करावा, तो चांगलाच आहे. पण मागांची संख्या विचारल्याशिवाय त्या सभेतून उठू नये.

रविवारची एक गोष्ट सांगायला हवी. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी १८८४ पासून सभा भरवल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली. त्यानंतर एकशे सतरा वर्षांनी, डिसेंबर २००७ मध्ये, शिक्षकांना निवडणुकीच्या कामाला किती जुंपावे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने सांगितले की मतदार यादीचे व निवडणुकीचे काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी व न शिकवण्याच्या दिवशी घ्यावे. शिकवण्याच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळात एरवी घेऊ नये. न्यायालयापुढे मुलांचा हक्क होता आणि तो त्याने राखला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण किंमत कोणाच्या खिशातून गेली ते पाहा. मुलांचा तास वाचला तो बाईंच्या रविवारातून. कारखान्यात आठवड्याची सुट्टी बुडाली तर तिच्या बदल्यात दुसरी सुट्टी देण्याची तजवीज १९४८ च्या कायद्यात होती. शिक्षकांच्या रविवारालाही बदली रविवार हवा, एवढी साधी मागणी किती ठिकाणी लेखी झाली आहे?

याचे उत्तर एक गृहस्थ असे देतात की शिक्षक हा कामगार नव्हेच. हे नुसते बोलणे नाही, हा कायदा आहे. गोव्यातील एका शाळेतून कमी केलेल्या शिक्षिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८८ साली निकाल लागला की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा 'कामगार' नाही. शिकवणे हे उदात्त कार्य आहे, ते अंगमेहनतीचे किंवा कारकुनी काम नव्हे, असा त्यातला विचार होता. पुढे २००४ साली ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही शिक्षक बसत नाही असे ठरले. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली, खाजगी शाळांनी तिला आव्हान दिले, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम केली तेव्हा कोठे त्या शिक्षकांची ग्रॅच्युइटी पक्की झाली. उदात्त म्हटल्याने निवृत्तीच्या वेळी तांदूळ येत नाहीत हे कळायला इतकी वर्षे लागली. आणि तांदूळ मोजणे, याद्या फिरवणे, आकडे भरणे हे कारकुनी काम नव्हे तर काय आहे? काम देताना कारकून आणि हक्क मागताना गुरुदेव, हा दुहेरी हिशेब आम्हांला मान्य नाही.

न्यायाने बोलायचे तर शिक्षकाकडे गावची इतर कामे द्यावीत ही कल्पना आमच्याच एका थोर माणसाचीही होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सुचवले होते की गावच्या शिक्षकाला गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल सांभाळणे अशा कामांशी जोडावे. पण का? तर त्याने गावात त्याची प्रतिष्ठा वाढेल म्हणून. त्याच निवेदनात शिक्षकाचा पगार महिना बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा, असेही मागितले आहे. कामाबरोबर मान आणि दाम. आपण जोतीरावांच्या यादीतले काम तेवढे उचलले. २००० सालापासून महाराष्ट्रात नवा शिक्षक तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर राबू लागला. प्राथमिकचे हे मानधन २०२३ मध्ये सोळा हजार झाले. त्याआधी कित्येक वर्षे ते सहा हजार होते. त्या तीन वर्षांत कोणता तरुण 'हे काम माझे नव्हे' असे म्हणेल?

आता आमच्या जातभाईंना, म्हणजे संघटनावाल्यांना दोन शब्द. शिक्षकांच्या संघटना लहान नाहीत. आपल्या विधान परिषदेत शिक्षकांचे सात स्वतंत्र मतदारसंघ आहेत. विणकरांचा एकही नाही. (मात्र त्यांत प्राथमिक शिक्षकाला मत नाही, ते माध्यमिक व त्यावरच्यांनाच आहे, हेही लक्षात असू द्या.) जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यात जो संप झाला त्यात शिक्षक मोठ्या संख्येने होते. पगार, पेन्शन, बदली यांवर भांडणे झाली आणि व्हायलाच हवीत. पण आठवड्याचे तास किती, याच मागणीवर शाळा बंद पडल्याचे आम्हांला आठवत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनेस्को यांनी ५ ऑक्टोबर १९६६ रोजी शिक्षकांच्या दर्जाविषयी जी शिफारस मान्य केली, तिच्यात शिक्षकांचे तास त्यांच्या संघटनांशी विचारविनिमय करून ठरवावेत असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच तारखेला दरवर्षी जागतिक शिक्षक दिन पाळतात. फुले देतात, तास कोणी विचारीत नाही.

जपानचे उदाहरण यासाठी सांगतो की तेथे मोजले गेले. १९७१ च्या एका कायद्याने तेथील सरकारी शाळांच्या शिक्षकाला जादा कामाच्या पैशाऐवजी मूळ पगाराच्या चार टक्के सरसकट देऊन टाकले जात होते. मग किती का तास होईनात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकाचे आठवड्याचे तास ५६ निघाले, भाग घेतलेल्या देशांत सर्वांत जास्त. सरासरी होती ३८ च्या आसपास. आकडा चव्हाट्यावर आला, ओरड झाली, आणि २०२५ साली ते चार टक्के टप्प्याटप्प्याने दहावर नेणारा कायदा झाला. हा उपाय पुरेसा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आकड्याशिवाय एवढेही झाले नसते. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी विभागणी करणारा निर्णय काढला आहे. तो निर्णय हातात धरून बसायला आपल्याजवळ वही हवी.

शिक्षक बंधुभगिनी येथे पुष्कळ दिसतात; त्यांच्या स्वतःच्या हातात काय आहे तेही बोलू. रोज सगळ्या वह्या तपासू नका. तीस वह्यांतल्या दहा रोज नीट पाहा, उरलेल्या मुलांकडून एकमेकांच्या तपासून घ्या. लाल शाईच्या बरोबरच्या खुणेने कोणाचे गणित सुधारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तपासणीला येणारे साहेब वह्या लाल दिसाव्यात म्हणतील, तर मुख्याध्यापकांकडून ही पद्धत आधी लेखी मान्य करून घ्या. शिकवण्याच्या चार तासांत मोबाईल कपाटात ठेवा, आणि हेही एकट्याने करू नका. एकटा करील तो 'आडमुठा' ठरेल; केंद्रातले सगळे करतील तो नियम ठरेल. आणि ज्यांची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, जेवण जात नाही, शाळेच्या फाटकाशी छाती धडधडते, त्यांनी संघटनेची वाट न पाहता डॉक्टरकडे जावे. सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते. आमच्या कामगारांतही असे आजार झाले आहेत, आणि ज्यांनी लाजून लपवले त्यांच्या घरी आम्हांला पुढे सांत्वनाला जावे लागले आहे.

जे शिक्षक नाहीत, पण पालक आहेत, त्यांना एकच विनंती. रात्री दहा वाजता बाईंना 'उद्या डबा की खिचडी' असा निरोप पाठवू नका. दहावे जॉबर तुम्ही होऊ नका.

त्या वहीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. बहिणीची वही पाहून तिच्या व शेजारच्या केंद्रातल्या सव्वीस शिक्षकांनी तशाच वह्या लिहिल्या. एका बाईंनी तर सासूबाईंकडून रकाने आखून घेतले. आम्ही त्या घेऊन अधिकाऱ्यांकडे गेलो. घोषणा दिल्या नाहीत. अधिकारी स्वतः एके काळी वर्गावर उभे राहिलेले होते. त्यांनी चौथा रकाना बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "यात मी तीन ठिकाणी आहे." माहिती मागायची ती आठवड्यातून एकदाच, शनिवारी, आणि एकदा दिलेली पुन्हा मागायची नाही, असे ठरले. हे अधूनमधून मोडते. मोडले की वही पुन्हा निघते. सुट्टीच्या कामाला बदली सुट्टी अजून मिळालेली नाही. तो अर्ज वर गेला आहे.

तो मुलगा आता चौथीत आहे. अक्षर चांगले आहे म्हणे. वही दाखवतो, पण ती शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना. आमच्या बहिणीकडे तो अजून आलेला नाही.